बाळ ऐकता ऐकता काय मोजतं?

एखाद्याचं वागणं खटकलं की आपण ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणतो, आणि त्याच्याच मुलाबद्दल बोलताना ‘घरचं वळणच तसं’ असंही म्हणतो. हल्ली तर ‘आमच्या रक्तातच आहे’ हे वाक्य जातीच्या अभिमानापासून धंद्यातल्या हुशारीपर्यंत कुठेही चिकटवलं जातं. उपजत काय आणि शिकलेलं काय, हे तपासायचं असेल तर ज्याला अजून बोलताही येत नाही, त्या तान्ह्या बाळाकडे जावं लागतं.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या दोन संशोधकांचा १९८४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आपल्याला फार जवळचा आहे, कारण त्यात वापरलेले ध्वनी होते हिंदीतले ‘ता’ आणि ‘टा’. ‘त’ म्हणताना जिभेचं टोक दातांना टेकतं, ‘ट’ म्हणताना ते मागे वळून टाळूला लागतं. इंग्रजी बोलणाऱ्याची जीभ या दोन्हींच्या मध्ये, वरच्या हिरडीवर टेकते. म्हणून त्याला आपले दोन्ही ध्वनी एकच वाटतात.

बाळाला आईच्या मांडीवर बसवायचं. ध्वनिक्षेपकातून ‘ता, ता, ता’ चालू असताना मध्येच ‘टा’ सुरू होतं. बदल ओळखून बाळाने मान वळवली, की एका काळपट पेटीत दिवा लागतो आणि आतला खेळण्यातला प्राणी हलू लागतो. ही गंमत बाळांच्या लवकर लक्षात येते. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या जवळजवळ सगळ्या बाळांनी हा फरक ओळखला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी मात्र अगदी थोड्यांना तो जमला. हिंदी घरांतल्या तेवढ्याच वयाच्या बाळांना तो व्यवस्थित कळत होता.

आपणही यातून सुटलेलो नाही. उर्दूतला घशातून येणारा ‘क़’ आणि आपला ‘क’ बहुतेक मराठी कानांना सारखेच लागतात.

आता मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग. ‘हे दोन ध्वनी वेगळे आहेत बरं का’ असं बाळाला कोणी सांगत नाही. मग ते शिकतं कसं? तर मोजून. कोणीही दरवेळी अगदी तंतोतंत सारखा ‘त’ उच्चारत नाही; जीभ कधी किंचित पुढे, कधी मागे लागते. ऐकलेला प्रत्येक ध्वनी जोंधळ्याच्या दाण्यासारखा मानला, तर मराठी घरात ‘त’ आणि ‘ट’ यांचे दोन वेगळे ढीग साचतात आणि त्यांच्यामध्ये फारसं काही पडत नाही. इंग्रजी घरात एकच ढीग साचतो, तोही मधोमध. बाळाचा मेंदू हे ढीग ओळखतो आणि ढिगांच्या संख्येइतके वर्ग करतो.

हा केवळ तर्क नाही. जेसिका माय, वर्कर आणि लूअ‍ॅन गर्कन यांनी २००२ मध्ये ‘डा’सारख्या ध्वनीपासून ‘टा’सारख्या ध्वनीपर्यंत हळूहळू सरकणारे आठ टप्पे तयार केले आणि ते सहा व आठ महिन्यांच्या बाळांना ऐकवले. आठही टप्पे दोन्ही गटांनी ऐकले. एका गटाला दोन टोकांजवळचे ध्वनी जास्त वेळा ऐकवले, दुसऱ्याला मधले. जेमतेम सव्वादोन मिनिटांत पहिल्या गटाला टोकांचे ध्वनी वेगळे कळू लागले, दुसऱ्याला नाही. उपजत आहे ती ही मोजण्याची हातोटी. ढीग कुठे साचणार, हे मात्र घर ठरवतं.

यावरून कोणी गर्भसंस्काराच्या सीडी विकायला बसू नये. गर्भाला शेवटच्या तीन महिन्यांत आवाज ऐकू येतात आणि जन्मल्यावर बाळ आईचा आवाज ओळखतं, एवढं सिद्ध झालं आहे. मंत्र ऐकवल्याने बुद्धिमान मूल जन्मतं, याला पुरावा नाही. जन्मानंतरच्या ‘शैक्षणिक’ चित्रफितींचीही तीच गत. पॅट्रिशिया कुल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर बसून कोणी मँडरिनमध्ये बोललं, गोष्टी वाचल्या, खेळणी दाखवली, तेव्हा बाळांनी त्या भाषेतला ध्वनिभेद धरला. तेच सगळं पडद्यावर दाखवलं, तर काहीच शिकली नाहीत.

चेहऱ्यांचंही असंच होतं. नवजात बाळ कुठल्याही वंशाच्या चेहऱ्याकडे सारखंच पाहतं. तिसऱ्या महिन्यात ते ओळखीच्या घडणीच्या चेहऱ्याकडे जास्त वेळ पाहू लागतं. याला लगेच वंशद्वेष म्हणणं घाईचं ठरेल. पण ‘आपला’ आणि ‘परका’ ही विभागणी इथे सुरू होते, हे नक्की. इस्रायलमधल्या याईर बार-हाईम आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तीन महिन्यांच्या बाळांचे तीन गट तपासले. गोऱ्या इस्रायली बाळांना गोरे चेहरे आवडले, इथिओपियातल्या बाळांना काळे. तिसऱ्या गटातली बाळं इथिओपियन वंशाचीच होती, पण इस्रायलमधल्या स्थलांतरितांच्या केंद्रांत दोन्ही वर्णांची माणसं रोज पाहत वाढलेली. ती दोन्ही चेहऱ्यांकडे सारखाच वेळ पाहत राहिली.