कमान की पाचर? सायकलच्या बुटातले दोन आधार

सायकलच्या बुटात इनसोलबरोबर, म्हणजे आतल्या काढ-घाल करता येणाऱ्या गादीबरोबर, दोन प्रकारचे आधार दिले जातात. एक तळपायाच्या कमानीखालचा उंचवटा आणि दुसरी चवड्याखालची पाचर, जिला बाइक-फिटर, म्हणजे स्वाराच्या अंगाप्रमाणे सायकल जुळवून देणारे, ‘वेज’ म्हणतात. दोन्ही बहुधा अंगठ्याकडच्या बाजूला जाड असतात, दोन्हींमुळे ‘पाय आत कलंडत नाही’ असं सांगितलं जातं, आणि हातात घेतल्यावर दोन्ही फोमचे किंवा प्लॅस्टिकचे क्षुल्लक तुकडे वाटतात. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा घालण्याची चूक सर्रास होते. चवड्याला हवी असलेली तिरपाई कमान उंच करून मिळत नाही, आणि मधली पोकळी पाचरीनं भरून निघत नाही. कमान तळव्याला टेकायला जागा देते, पाचर चवडा ज्या पातळीवर टेकतो ती पातळीच फिरवते.

हा फरक कळायला पेडलवर पाय काय करतो ते बघावं लागतं. चालताना टाच आधी टेकते, मग वजन बाहेरच्या कडेनं चवड्याकडे सरकतं. सायकलवर टाच जवळपास रिकामीच असते. सगळा दाब चवड्यातून, म्हणजे बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांच्या गोल टोकांतून पेडलच्या आसात जातो. धावपटूंसाठी बनवलेल्या इनसोलमध्ये टाचेखाली जो तिरपा ठोकळा असतो, तो सायकलवर म्हणूनच फारसं काही करत नाही. ज्या भागावर भार नाही तो भाग कलता केला काय अन् न केला काय.

भारही वेगळा असतो. २०० वॉट, मिनिटाला ९० फेरे आणि १७० मिमीचा क्रँक (पेडलचा दांडा) धरला तर क्रँकवरचं सरासरी स्पर्शरेषीय बल सुमारे १२५ न्यूटन येतं, म्हणजे साधारण पावणेतेरा किलोच्या वजनाइतकं. पेडल खाली ढकलतानाचा सर्वोच्च दाब याच्या दुपटीहून अधिक असू शकतो, पण धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जो आदळा बसतो त्याच्यापुढे हा सौम्यच. सायकलवर त्रास होतो तो पुनरावृत्तीमुळे. ९० च्या गतीनं तासाला प्रत्येक पाय ५४०० वेळा तोच दाब, त्याच जागी, त्याच कोनात देतो, आणि बुटाचा तळ पेडलला अडकवणारी पट्टी, क्लीट, पायाला जागा बदलू देत नाही.

कमानीचा आधार

सायकलच्या बुटाचा तळ कडक असतो, कार्बनचा असेल तर जवळपास न वाकणारा. पाय मात्र सपाट नसतो. मध्ये पोकळी राहिली की दाब चवड्याच्या दोन-तीन ठिपक्यांवर गोळा होतो. तळव्याची आग, बोटांना मुंग्या, लांब चढावर बधिरपणा, यामागे पुष्कळदा हेच असतं. आधार पोकळी भरतो, टेकण्याचं क्षेत्र वाढतं, ठिपक्यांवरचा भार पसरतो. कमान ‘उचलून धरणं’ हे त्याचं दुय्यम काम. ते जरूरीपेक्षा जास्त उत्साहानं केलं की बिघाड सुरू होतो.

उंची ठरवायला सोपं मोजमाप आहे. घोट्याच्या आतल्या हाडापासून थोडं खाली-पुढं एक हाड बोटाला टोचतं, नेव्हिक्युलर. त्यावर पेननं खूण करा. खुर्चीत बसून, पाय जमिनीवर अलगद ठेवून, खुणेची जमिनीपासूनची उंची घ्या. मग दोन्ही पायांवर समान वजन देऊन उभं राहा आणि पुन्हा घ्या. सुमारे १० मिमीपर्यंतची घसरण सहसा सामान्य मानतात. घसरण मोठी असेल तर पाय लवचीक आहे, आधार थोडा कडक चालेल. घसरण जेमतेम २-३ मिमी आणि कमान उंच असेल तर पाय ताठ आहे. त्याला पोकळी भरणारा, जरा मऊ आधार हवा. ओल्या पायाचा ठसा हे यापेक्षा कच्चं मोजमाप. ठशावरून आकार कळतो, पण भार आल्यावर पाय किती बदलतो ते कळत नाही.

घरी करून बघायचं तर बुटासोबत आलेला इनसोल बाहेर काढा आणि त्याच्या खालच्या बाजूला, कमानीच्या जागी, २ मिमी जाडीचा ईव्हीए फोम किंवा कॉर्कचा तुकडा दुहेरी टेपनं चिकटवा. पहिला थर सर्वात मोठा, त्यावरचा प्रत्येक थर चारी बाजूंनी ५-६ मिमी लहान, आणि सगळ्या कडा सॅंडपेपरनं घासून शून्यावर आणलेल्या. कड तशीच ठेवली तर पहिल्या अर्ध्या तासातच तिची रेघ तळव्यावर उमटते. सर्वात उंच बिंदू नेव्हिक्युलरच्या खुणेखाली, आणि पुढचा उतार अंगठ्यामागच्या गोळ्याच्या अलीकडेच संपलेला. तो गोळ्याखाली शिरला तर अंगठ्याला खाली दाबताच येत नाही, आणि पेडलवरचा सर्वात भक्कम टेकू तोच असतो.

एक थर, बूट घट्ट बांधून १५-२० मिनिटं ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर), मग दुसरा. थांबायचं कुठं? तळव्याला सगळीकडे सारखा स्पर्श जाणवतो पण उंचवटा असा वेगळा कळत नाही, तिथं. ‘वा, काय मस्त आधार आहे’ असं बुटात पाय घालताच वाटलं तर बहुधा एक थर जास्त झालाय. तासाभरानं तिथंच गोळा येतो, आणि पाय आधारावरून बाहेर घसरून भार करंगळीकडे जातो.

साहित्याबद्दल एवढंच की फार मऊ घेऊ नका. बोटानं दाबल्यावर सहज चपटा होणारा फोम दुकानात सुखद वाटतो, पण प्रत्येक फेऱ्याला दबून उठतो आणि काही आठवड्यांत बसतो. कडकपणाच्या ‘शोअर ए’ मापात ४० ते ५० च्या आसपासचा ईव्हीए घासायला सोपा आणि टिकायलाही बरा. चवड्याखाली इनसोलची जाडी २-३ मिमीपेक्षा जास्त होऊ देऊ नये. सायकलच्या बुटात पुढं जागा मुळातच कमी असते.

पाचर

पाचरीचा कमानीशी संबंध नाही. भार नसताना, टाच सरळ धरून मागून बघितलं तर अनेकांचा चवडा थोडा कललेला दिसतो, बहुतेकदा अंगठ्याची बाजू वर. जमिनीवर चालताना घोटा आणि पावलाचे सांधे हा कल भरून काढतात. पेडलवर मात्र सपाट तळ क्लीटनं बांधलेला, त्यामुळे अंगठा खाली टेकवायला पाऊल आत वळतं, त्यामागून नडगी आत फिरते आणि गुडघा दट्ट्यासारखा सरळ न जाता वरच्या नळीकडे झुकत खाली येतो. पाचर त्या रिकाम्या फटीत बसते: जमीनच पायाकडे वर आणते.

इथली मापं फसवी आहेत, कारण ती फार लहान आहेत. ६५ मिमी रुंदीच्या पाचरीत १ अंश म्हणजे जाड कडेला सुमारे १.१ मिमी, दीड अंश म्हणजे १.७ मिमी. स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीच्या ‘बॉडी जॉमेट्री’ बुटांत तळालाच दीड मिमीची अशी तिरपाई दिलेली असते. म्हणजे नवी पाचर घालण्याआधी आपल्या बुटात ती मुळातच आहे का, हे बघायला हवं. नाहीतर एकावर एक चढवून दुप्पट कल होतो. त्याच कंपनीच्या इनसोलमध्ये कमानीच्या तीन वेगवेगळ्या उंच्या मिळतात, आणि तिथंही या दोन गोष्टी अशा वेगवेगळ्याच हाताळल्या आहेत.

पाचर दोन ठिकाणी बसते. बुटाच्या आत, इनसोलखाली, चवड्याच्या हाडांच्या टोकांपासून बोटांच्या मुळापर्यंत. किंवा बाहेर, तळ आणि क्लीट यांच्यामध्ये. आतली पाचर स्वस्त, काढ-घाल सोपी, पण जागा खाते. दोनाहून अधिक घातल्या तर पायाची वरची बाजू बुटाला घासते, आणि जो बधिरपणा घालवायचा होता तोच चिमटीत सापडून परत येतो. तिला मागं सरकवून बसवलं तर ती अर्धवट कमानीचा आधार बनते, आणि मग नक्की कशामुळे फरक पडला हे कळायचा मार्ग उरत नाही.

क्लीटखालची पाचर पूर्ण बूट कलता करते, आतली जागा शाबूत राहते. पण पाचरीच्या जाडीइतके लांब बोल्ट लावावेच लागतात. जुनेच आखूड बोल्ट दोन आट्यांवर पकडले की जोर लावून निघताना क्लीट निसटते, तीही नेमकी भर रस्त्यात. बोल्टला ग्रीस लावा, ५ ते ६ न्यूटन-मीटरवर आवळा, पहिल्या सफरीनंतर पुन्हा तपासा. तीन बोल्टच्या क्लीटखाली दोन पाचरी उलटसुलट, जाड कड पातळ कडेवर ठेवून बसवल्या तर कल शून्य होतो आणि सपाट जाडी मिळते. एक पाय आखूड असेल तर ही युक्ती कामाला येते, पण तो वेगळा विषय.

सर्वात जास्त होणारी चूक अगदीच बावळट आहे: डावी-उजवी अदलाबदल. पाचर उलटी बसली की जाड कड करंगळीकडे जाते आणि गुडघा आणखी आत ढकलला जातो. चिकटवण्याआधी जाड कडेवर ‘अंगठा’ असं लिहून ठेवावं.

कोणती हवी, हे कसं ओळखायचं

लक्षणांनी सुरुवात करा, पण त्यांच्यावर पूर्ण विसंबू नका. तळव्याच्या मध्यभागी थकवा, चवड्याच्या मधोमध आग, चढावर बोटं आत मुडपून बूट ‘पकडायची’ सवय, ही कमानीकडची खूण. बोटं मुडपणं म्हणजे पाय स्वतःच कमान तयार करू बघतोय. दुसरीकडे गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखणं, गुडघा खाली येताना आत झुकणं, दाब सतत चवड्याच्या एकाच कडेला जाणवणं, ही पाचरीकडची. चवड्याच्या मधोमधच बधिरता असेल आणि कमानीच्या आधारानंही हटत नसेल, तर हाडांच्या टोकांच्या थोडी मागं बसणारी थेंबाच्या आकाराची छोटी गादी लागते. थेट टोकांखाली ठेवली तर त्रास वाढतो.

मग व्हिडिओ. ट्रेनरवर १० मिनिटं अंग गरम करून, नेहमीच्या गतीनं आणि जरा जोर लावून चालवा. फोन समोर, दोनेक मीटरवर, गुडघ्याच्या उंचीवर. गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर एक ठिपका, बुटावर दुसऱ्या बोटाच्या रेषेत दुसरा. वरचा ठिपका खालच्याच्या साधारण वर राहून वरखाली गेला पाहिजे. तो आत झुकत असेल तर घाईनं पाचर घालू नका. सीट फार उंच किंवा फार खाली असणं, क्लीट चुकीच्या कोनात फिरलेली असणं, दोन पेडलमधलं अंतर कमी पडणं, कमरेच्या बाजूचे स्नायू कमजोर असणं, या सगळ्यांनीही गुडघा आत जातो. पाचर त्यातलं एकही दुरुस्त करत नाही, फक्त झाकते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी सीट आणि क्लीट, मग कमान, शेवटी पाचर. कमान आधी, कारण तिच्यानं पाऊल थोडं बाहेरच्या अंगाला सरकतंच. पाचर आधी बसवून नंतर कमान उंच केली तर बेरीज होऊन पाय करंगळीवर उभा राहतो. एका वेळी एकच बदल, एकच पाचर, निदान दोन-तीन सफरी. पाचरीनं काहींचा गुडघा लगेच सरळ होतो, काहींचा हलतही नाही. न हलल्यास दुसरी चढवण्याऐवजी पहिली काढावी. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नवं दुखणं सुरू झालं तरीही काढावी. मधुमेहामुळे किंवा अन्य कारणानं तळव्याची संवेदना कमी असलेल्यांनी हे प्रयोग घरी करूच नयेत. त्यांना कडेची रेघ जाणवणार नाही, फोड मात्र येईल.

वॉटचं काय? आधार बसवताच ताकद वाढते अशी जाहिरात दोन्हींची होते. सायकलिंगमधल्या ऑर्थोटिक (पायाला आधार देणाऱ्या) इनसोल आणि पाचरींवरच्या प्रयोगांचा २०१४ मध्ये पद्धतशीर आढावा घेतला गेला. कमानदार इनसोलनं तळव्याच्या मधल्या भागाचा स्पर्श वाढतो हे दिसलं, पण ताकद वाढते किंवा ऑक्सिजन कमी लागतो याला ठोस आधार सापडला नाही. सायकलस्वाराची एकूण कार्यक्षमता साधारण २० ते २५ टक्के असते, बाकी उष्णता. इनसोल त्या आकड्याला हात लावेल अशी अपेक्षा ठेवू नये. खरा फायदा तिसऱ्या-चौथ्या तासात दिसतो, जेव्हा बधिर पायामुळे सीटवर सरकत बसावं लागत नाही.

सीटच्या उंचीचा हिशेबही दोन्हींत वेगळा आहे. कमानीखालच्या थरांनी चवडा वर येत नाही, म्हणून सीट तशीच. दीड मिमीची पाचर चवड्याचा मध्य जेमतेम पाऊण मिमीनं उचलते, तेही सोडून द्या. पण मूळ इनसोल काढून चवड्याखाली ३ मिमी अधिक जाड इनसोल घातला, तर पाय पेडलपासून ३ मिमी लांब गेला. सीट तेवढीच वर घ्या. आणि इनसोल धुवायला काढाल तेव्हा खालची पाचर बुटातच राहिली की इनसोलसोबत आली हे बघा. वाळवून परत घालताना ती डाव्याची उजव्यात गेलेली असते.