'आधी लावून बघ': जुन्या लॅपटॉपवरच्या लिनक्सची पार्श्वभूमी

सेकंडहँड लॅपटॉप घेतलेल्याला आज जाणकार माणूस सांगतो, "पेनड्राइव्हवर लिनक्स घे, आधी लावून बघ, वायफाय आणि आवाज नीट चालले तर इन्स्टॉल कर." लिनक्स ही विंडोजसारखीच, पण खुली ऑपरेटिंग सिस्टिम. या सल्ल्यातलं 'आधी लावून बघ', म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघणं, मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पहिली काही वर्षं ही सोय सहज मिळत नव्हती.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आपल्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकासाठी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लिहायला घेतलं आणि पुढच्याच वर्षी ते कोणालाही वापरू-बदलू देणाऱ्या जीपीएल परवान्याखाली खुलं केलं. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन हे डिस्ट्रो, म्हणजे कर्नल आणि बाकीचं सॉफ्टवेअर जुळवून केलेले संच, आले. स्लॅकवेअरची पहिली आवृत्ती २४ फ्लॉपींची होती. मधलीच एखादी खराब निघाली की काम तिथेच अडायचं. सगळ्या फ्लॉपी पार पडल्या, तरी पडद्यावर चित्र आणण्यासाठी मॉनिटरची वारंवारता फाइलमध्ये हाताने लिहावी लागे. आकडा चुकला तर जुना काचेच्या नळीचा मॉनिटर बिघडण्याची भीती असायची. लॅपटॉपची गत आणखी अवघड होती. त्यातल्या बऱ्याच मोडेमांचं अर्धं काम विंडोजमधलं सॉफ्टवेअर करायचं, त्यामुळे लिनक्सवर ते मुकेच राहत.

जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांच्या क्नॉपिक्स या सीडीवरूनच चालणाऱ्या लिनक्सने २००० साली इन्स्टॉल करून फसण्याची ही भीती घालवली. ७०० एमबीच्या सीडीवर सुमारे दोन जीबीचा मजकूर दाबून भरलेला असे आणि लागेल तसा तो चालता चालता उलगडत जाई. सुरू होतानाच यंत्रातले भाग ओळखले जात, तात्पुरत्या फाइली रॅममध्ये राहत आणि सांगितल्याशिवाय हार्ड डिस्कला हात लागत नसे. सीडी काढून पुन्हा चालू केलं की लॅपटॉप होता तसा. अनोळखी यंत्र विकत घेणाऱ्यासाठी याहून चांगली परीक्षा नव्हती. क्नॉपिक्सच्या आधीही सीडीवरून चालणारं लिनक्स होतं, पण ते सामान्य माणसाच्या हातात पोचलं ते यामुळे. २००४ मध्ये उबुंटू आलं, त्याच्या सीडी बरीच वर्षं टपालाने फुकट मिळत. २००६ च्या ६.०६ आवृत्तीपासून चालवून बघायची आणि इन्स्टॉल करायची सीडी एकच झाली. आजचा पेनड्राइव्ह त्याच कल्पनेवर चालतो.

वायफायचं दुखणं मात्र रेंगाळलं. बऱ्याच वायफाय चिपांना चालू होण्यासाठी कंपनीचं बंदिस्त फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये भरायचं सॉफ्टवेअर, लागतं आणि डेबियनने ते तत्त्व म्हणून मुख्य इन्स्टॉलरमध्ये घेतलं नव्हतं. मग वायफायसाठी फर्मवेअर हवं आणि फर्मवेअर उतरवायला इंटरनेट हवं, असा पेच पडे. केबल लावा, नाहीतर दुसऱ्या संगणकावरून फाइल आणा. काही जण एनडीआयएसरॅपर नावाचं साधन वापरून विंडोजचाच ड्रायव्हर, म्हणजे यंत्रातला भाग चालवणारं सॉफ्टवेअर, लिनक्सवर चालवत. डेबियनने २०२२ मध्ये मतदान घेतलं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येऊ लागलं. तत्त्वाला मुरड पडली हे खरं, पण जुन्या लॅपटॉपवाल्यांच्या बाजूने पाहता मला हा निर्णय योग्यच वाटतो.

जुनं यंत्र कायम सांभाळलं जातं, असंही नाही. टोरवाल्ड्स यांनी ज्या ३८६ वर सुरुवात केली, त्याचाच आधार डिसेंबर २०१२ मध्ये कर्नलमधून काढला गेला. त्याच वर्षी उबुंटूने प्रोसेसरला पीएई ही, ३२-बिट प्रोसेसरला जास्त रॅम वापरू देणारी, सोय असण्याची अट घातली आणि सुरुवातीच्या पेन्टियम एम प्रोसेसरचे लॅपटॉप अडले. गंमत म्हणजे त्या चिपमध्ये सोय होती, फक्त ती आहे असं चिप जाहीर करत नव्हती! १४.०४ मध्ये बूट करताना 'फोर्सपीएई' असं लिहायची तजवीज झाली आणि ते लॅपटॉप पुन्हा चालू लागले. पुढे मोठ्या डिस्ट्रोंनी जुन्या ३२-बिट प्रोसेसरसाठीचे इन्स्टॉलर एकामागून एक बंद केले.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे, ६४-बिटचे, आठ जीबी रॅमचे धडधाकट लॅपटॉपही एका तारखेने 'जुने' ठरले. लिनक्सच्या दृष्टीने हे वय सोयीचं आहे. त्यांचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्ये येऊन मुरले आहेत, उलट कोऱ्या मॉडेलला कधी कधी वाट पाहावी लागते. पेनड्राइव्ह लावला की वायफाय आणि आवाजाबरोबर पडद्याच्या उजेडाची बटणं आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, हेही बघून घ्यावं. फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाकावी. थकलेली बॅटरी मात्र बदलावीच लागते.