गोव्यातली परदेशी नागरिक नोंदणी: कुणाला करावी लागते, कागद कुठले, आणि निर्णय पटला नाही तर कोर्टात कसं जायचं

मोरजी, हरमल, मांद्रे इथले खोल्या भाड्याने देणारे घरमालक आणि पोर्तुगीज पासपोर्टवर आजीच्या घरी राहायला आलेली बार्देश-साष्टीची मुलं एकच प्रश्न विचारतात: ही नोंदणीची सक्ती कोर्टात मोडून काढता येते का? माझं उत्तर ठाम आहे. आधी नोंदणी करा, मग भांडा.

याला दाखला गोव्याचाच आहे. १९६२ च्या गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेशाखाली मोंतेरो नावाच्या पाद्रींनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायम ठेवलं. त्यांना नोव्हेंबर १९६४ पर्यंत राहण्याची परवानगी होती, ती वाढवून घ्यायला त्यांनी अर्जच केला नाही. खटला होऊन ३० दिवसांची साधी कैद आणि ५० रुपये दंड झाला. युद्धाच्या आणि परक्या ताब्याच्या काळात सामान्य माणसांना संरक्षण देणाऱ्या जिनिव्हा करारांचा आधार मागत ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. १९६९ मध्ये अपील फेटाळलं गेलं. आपल्याच भूमीत माणूस परका ठरावा, याचं मला आजही वाईट वाटतं. पण निकाल कायम आहे.

आता १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा लागू आहे. १९३९ चा नोंदणी कायदा आणि १९४६ चा परदेशी नागरिकांबाबतचा कायदा, दोन्ही रद्द झाले. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने साधारणपणे पोहोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची. व्हिसावर काही वेगळी अट छापलेली असेल तर ती पाळायची, म्हणून तो शिक्का नीट वाचा. ओसीआय कार्डधारकांना, म्हणजे मूळच्या भारतीय घरातल्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड ज्यांच्याकडे आहे त्यांना, या नोंदणीतून सूट आहे.

अर्ज ई-एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसा, आगमनाचा शिक्का, फोटो आणि राहण्याचा पुरावा, म्हणजे भाडेकरार किंवा घरमालकाच्या नावाचं वीजबिल, स्कॅन करून ठेवा. शिकायला आलेल्याला कॉलेजचं बोनाफाईड, नोकरीवाल्याला कंपनीचा करार आणि जोडीदार भारतीय असेल तर लग्नाचा दाखला लागतो. घरमालकाने पाहुणा आल्यावर २४ तासांत ऑनलाइन माहिती द्यायची असते. आपल्याकडे अजूनही त्याला ‘सी फॉर्म’च म्हणतात. एकच खोली असली तरी हे चुकत नाही.

आता आव्हानाचं. घटनेचं कलम १९ फक्त नागरिकांसाठी आहे, त्यामुळे ‘भारतात कुठेही राहण्याचा हक्क’ परदेशी माणसाला मागता येत नाही. कलम १४ (समानता) आणि कलम २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) मात्र प्रत्येक व्यक्तीसाठी आहेत. १९९१ च्या लुई द रेद खटल्यात सुप्रीम कोर्टाने कलम १९ आणि २१ मधला हाच फरक सांगितला. म्हणून ‘नोंदणी नकोच’ या याचिकेपेक्षा ‘मला न ऐकता, कारण न देता अर्ज नाकारला’ ही याचिका कितीतरी भक्कम असते. त्यासाठी नकाराचा आदेश लेखीच मागून घ्या. आधी कार्यालयाकडे लेखी निवेदन द्या आणि त्याची पोच जपा. मग कलम २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात, म्हणजे पर्वरीला, रिट याचिका करा. आदेशाची प्रत, अर्जाची पावती, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती, प्रतिज्ञापत्र आणि वकीलपत्र सोबत लागेल. व्हिसाची मुदत संपत आली असेल तर उशीर जिवावर बेततो. मुदतीनंतर राहिल्यास ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सगळ्यात नाजूक प्रश्न पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्मनोंदणी केलेल्या गोंयकारांचा. परदेशी नागरिकत्व घेतलं का आणि कधी घेतलं, असा वाद उठला तर नागरिकत्व कायद्याच्या कलम ९(२) प्रमाणे केंद्र सरकारच तो ठरवतं. परदेशी पासपोर्ट हाती घेतला असेल तर बाजू फार कमकुवत होते. शिवाय आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर संशय त्याच्यावरच आहे. म्हणून जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, मतदार यादीतलं नाव, आईवडिलांचे जुने कागद आजच एका फाइलीत लावून ठेवा. आलेल्या नोटिशीला मुदतीत उत्तर द्या, मग ती कितीही चुकीची वाटो. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, मुलं आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना १९८७ च्या कायद्याखाली मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी.