उरलेलं जेवण न्यायला 1098 वरून कोणी येत नाही

लग्नसराईत हमखास फिरणारा मेसेज : "कार्यक्रमात जेवण उरलं तर 1098 ला कळवा, ते येऊन अनाथाश्रमातल्या मुलांसाठी घेऊन जातील."

हेतू चांगला, पण माहिती चुकीची. 1098 हा संकटातल्या मुलांसाठीचा चोवीस तासांचा मोफत क्रमांक आहे. हरवलेलं, मार खाणारं, कामाला जुंपलेलं मूल दिसलं की तो लावायचा. रेल्वे स्टेशनवरचा 1098 चा फलक नीट वाचा, उरलेलं जेवण नेण्याचं त्यावर काही नसतं. पुलावाच्या पातेल्यासाठी लाइन अडली, तर घाबरलेल्या एखाद्या पोराचा फोन मागे राहतो.

बालगृहाचीही अडचण समजून घ्या. मिशनच्या बालगृहात साधारण संध्याकाळची प्रार्थना, मग जेवण, भांडी, अभ्यास आणि साडेनऊपर्यंत दिवे बंद. जेवण उरल्याचं कळतं रात्री अकराला! त्यात दुपारचा भात कोमट पातेल्यात चार-पाच तास राहिला की जिवाणू वाढून विष तयार होऊ शकतं. वास येईलच असं नाही, आणि पुन्हा गरम करूनही ते विष जात नाही. चाळीस मुलांना एकाच रात्री उलट्या लागल्या तर दोन ताया कुणाकुणाला सांभाळणार?

द्यायचं असेल तर दोन दिवस आधी, सकाळी, अधीक्षकांना विचारा : मुलं किती, कुणाला काय चालत नाही? कॅथलिक संस्था असेल तर ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण-चिकन नको. ताजं जेवण शिजल्यापासून दोन तासांत पोचवा. नाहीतर तूरडाळ, तेल, गूळ द्या, पाकिटावरची मुदत बघून.