कशालाही न जोडलेले तांब्याचे चौकोन

चिपचा नकाशा मोठा करून पाहिला, तर तारांच्या मधल्या मोकळ्या जागेत तांब्याचे बारीक चौकोन ओळीने मांडलेले दिसतात. त्यांच्याकडे कुठून तार येत नाही, त्यांच्यापासून कुठे जात नाही. सर्किटच्या हिशेबात ते निव्वळ बिनकामाचे. पण ते काढून टाकले, तर कारखाना ते डिझाइन घ्यायलाच तयार होणार नाही.

या चौकोनांना ‘डमी फिल’ म्हणतात आणि त्यांचं कारण आहे घासकाम. तारांचा थर बनवताना आधी ऑक्साइडसारख्या इन्सुलेटरमध्ये खाचा कोरतात, त्यात तांबं भरतात आणि वर आलेलं जादा तांबं घासून पृष्ठभाग सपाट करतात. तांबं मऊ, ऑक्साइड कडक. तांब्याची दाटी एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी असेल, तर कुठे खळगा पडतो, कुठे उंचवटा राहतो. पुढचा थर यावरच प्रकाशाने छापायचा असतो, आणि पृष्ठभाग जरा वरखाली झाला की फोकस बिघडतो. म्हणून रिकाम्या जागा भरून दाटी सारखी करायची.

छपाईची गंमत वेगळीच. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने चाळीसेक नॅनोमीटरची रेघ छापायची, म्हणजे जाड ब्रशने बारीक अक्षर काढण्यासारखं. कोपरे गोलावतात, रेघांची टोकं आखडतात. म्हणून मास्कवर, म्हणजे ज्या साच्यावरून प्रकाशाने छापतात त्यावर, मुद्दाम वेडावाकडा आकार कोरतात, कोपऱ्यांना कान काढतात. छापून मात्र बऱ्यापैकी सरळ येतं. १३.५ नॅनोमीटरचा ईयूव्ही (एक्स्ट्रीम अल्ट्राव्हायोलेट) प्रकाश आला, तरी ही कसरत सुटलेली नाही.

मला सगळ्यात आवडतो तो ‘अँटेना’चा नियम. तो तयार चिपसाठी नाहीच, अर्धवट चिपसाठी आहे. समजा, ट्रान्झिस्टरच्या गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या भागाला, एक लांब तार जोडली आहे, पण तिचं दुसरं टोक वरच्या थरातून कुठेतरी जाणार आहे आणि तो थर अजून बनायचा आहे. कोरीवकामाच्या प्लाझ्मातला, म्हणजे विद्युतभारित वायूतला, भार त्या तारेवर साचतो. त्याला निचरा व्हायला वाट नसते, मग तो गेटखालचा काही नॅनोमीटरचा इन्सुलेटरचा थर फोडून निघतो. चिप चालू होण्याआधीच ट्रान्झिस्टर निकामी. यावर उपाय म्हणून डिझायनर गेटच्या अगदी जवळ तार वरच्या थरात उचलून घेतो, म्हणजे तो थर बनेपर्यंत लांब तार गेटपासून तुटलेली राहते; किंवा भाराला निचऱ्याची वाट म्हणून तिला एक छोटा डायोड जोडतो. चिप पुरी झाल्यावर त्या डायोडला करण्यासारखं काही उरत नाही.

१९८० साली कार्व्हर मीड आणि लिन कॉनवे यांनी पाठ्यपुस्तकात मांडलेले डिझाइनचे नियम ‘लॅम्डा’ या एकाच मापात बसत होते: तार इतके लॅम्डा रुंद, दोन तारांत इतके लॅम्डा अंतर. डिझाइन एकाचं आणि कारखाना दुसऱ्याचा, ही वाटणी त्यातून सोपी झाली. १९८७ मध्ये मॉरिस चँग यांनी तैवानमध्ये टीएसएमसी ही कंपनी काढली ती फक्त इतरांच्या चिप बनवण्यासाठी. आता प्रत्येक प्रक्रियेच्या नियमांची आपली जाडजूड पोथी असते. फिनफेटमध्ये, म्हणजे ‘फिन’ नावाच्या उभ्या पातळ पट्ट्यांच्या ट्रान्झिस्टरमध्ये, तर रुंदीही मनाजोगती घेता येत नाही. दोन फिन घ्या नाहीतर तीन, अडीच मिळत नाहीत.

आणि ते बिनकामाचे चौकोनही अगदीच गप्प बसत नाहीत. शेजारच्या तारेचा कपॅसिटन्स, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, ते थोडी वाढवतात, सिग्नल किंचित उशिरा पोचतो. म्हणून चौकोन भरले की टायमिंग पुन्हा तपासायचं. चुकलं तर तार सरकवायची, आणि तार सरकली की चौकोन परत भरायचे.