साक्षीचे कागद भाषांतराला देताना उलटतपास विसरू नका

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सांगली-साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतची मंडळी साक्षीपुराव्याचे मराठी कागद इंग्रजीत करून घ्यायला आमच्याकडे येऊ लागली. पिशवी उघडली की बहुतेक वेळा तेच: सरतपासाचे, म्हणजे साक्षीदाराने आपल्या बाजूने दिलेल्या साक्षीचे, शपथपत्र आहे, उलटतपास नाही.

त्याला कारण आहे. दिवाणी दाव्यात २००२ पासून सरतपास शपथपत्रावर देतात. ते आपल्याच वकिलांकडे टाइप झालेले, त्यामुळे प्रत घरात असते. उलटतपास विरुद्ध बाजूचे वकील घेतात. ती प्रश्नोत्तरे कोर्टात नोंदली जातात आणि कोर्टाच्या फाइलीतच राहतात. नकलेचा अर्ज केल्याशिवाय हातात येत नाहीत. उलटतपास एका तारखेत संपला नसेल तर पुढच्या तारखेची पानेही मागा. फेरतपास, म्हणजे उलटतपासानंतर आपल्याच वकिलांनी पुन्हा विचारलेले प्रश्न, झाला असेल तर तोही.

"आमच्या माणसानं सांगितलंय तेवढंच करा," असा आग्रह होतो. पण शपथपत्रात 'जमीन माझ्या वहिवाटीत आहे' असे ठणकावून सांगणारा साक्षीदार उलटतपासात 'ऊस कोणाच्या नावावर कारखान्याला जातो, हे मला सांगता येणार नाही' म्हणून गेलेला असतो. अपिलात बोट ठेवले जाते ते नेमके इथे. मग तारखेच्या आदल्या संध्याकाळी उलटतपासाची पाने येतात, पानांचे क्रमांक सरकतात, अनुक्रमणिका बदलते आणि झालेले काम पुन्हा करावे लागते. त्याचे पैसे वेगळे पडतात. ते मागताना आम्हालाही बरे वाटत नाही.

उलटतपासाला वेळ जास्त का, असेही विचारतात. 'मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही,' अशा वाक्यातला एक 'नाही' सुटला की साक्षच फिरली. म्हणून भाषांतर झाल्यावर दुसरा माणूस मूळ कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचतो. 'माहीत नाही' आणि 'आठवत नाही' ही दोन उत्तरे आम्ही एक करत नाही, आणि "जरा बरं करून लिहा" म्हटले तरी लिहीत नाही. उत्तराने दाव्याचे काय होईल ते आपल्या वकिलांनाच विचारा.

कलमांचेही तसेच. सरतपास, उलटतपास, फेरतपास यांची व्याख्या आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १४२ मध्ये आहे. जुन्या कागदांत १८७२ च्या कायद्याचे कलम १३७ दिसते. जे छापले आहे तेच ठेवतो.

नकला मिळाल्या की सगळा गठ्ठा घेऊन या, निवडून आणू नका. पाने लावून काय कमी आहे ते आम्ही तिथल्या तिथे सांगतो, त्याचे पैसे घेत नाही. लांबून येणाऱ्यांनी आधी मोबाइलवर फोटो पाठवले तरी चालतील, एसटीचा एक हेलपाटा वाचेल.