बडोद्याचा उमेदवार कोण ठरवतं?

२३ मार्च २०२४ रोजी रंजनबेन भट्ट यांनी समाजमाध्यमावर एक छोटी पोस्ट टाकली: वैयक्तिक कारणांमुळे लोकसभा लढवणार नाही. त्या भाजपच्या, बडोद्यातून दोन वेळा निवडून आलेल्या खासदार, त्याआधी शहराच्या उपमहापौर. तिसऱ्यांदा नाव जाहीर होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. तेवढ्यात पक्षातली नाराजी उघड झाली होती, रातोरात त्यांच्याविरुद्ध बॅनर लागले होते. बॅनर उतरवले गेले, तरी त्यांचे फोटो फोनवर फिरत राहिले. त्यांच्या जागी आलेले तिशीतले हेमांग जोशी ५ लाख ८२ हजार मतांनी जिंकले.

लोकांची नाडी बघून उमेदवार देणं आम्हा बडोदेकरांना नवं नाही. १९५७ मध्ये फत्तेसिंहराव गायकवाड इथून लोकसभेवर गेले. संस्थान विलीन झालं होतं, पण 'महाराज' म्हटलं की माणसं अजून उठून उभी राहत. पुढे ते भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झाले, त्यांचं समालोचन रेडिओवरून घरोघरी पोचलं. १९८० आणि १९८४ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ रणजितसिंह काँग्रेसकडून निवडून आले.

मग आली १९९१ ची निवडणूक. जानेवारी १९८७ पासून दीड वर्ष दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'रामायण' लागत असे आणि रस्ते ओस पडत. त्यातली सीता, दीपिका चिखलिया, भाजपने बडोद्यातून उभी केली; रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठातून. समोर रणजितसिंह गायकवाड होते. दांडिया बाजार, रावपुरा इथल्या मराठी घरांचा राजवाड्याशी पिढ्यांचा ऋणानुबंध, तरी सव्वीस वर्षांची सीता जिंकली. माझ्या मते बडोद्यात खरा सांधा इथे बदलला. राजघराण्याचा मान शाळा, दवाखाने, तलाव यांतून साठत आलेला होता. पडद्यावरची ओळख दीड वर्षात तयार झाली आणि तिने त्या मानाला हरवलं. १९९६ मध्ये घराण्यातलेच सत्यजितसिंह अवघ्या १७ मतांनी जिंकले. वाड्याचं वलय तोवर किती विरळ झालं होतं, ते या आकड्यावरून कळतं.

२०१४ मध्ये नरेंद्र मोदी इथून ५ लाख ७० हजारांच्या फरकाने निवडून आले. १६ मे रोजी विजयाची बातमी त्यांनी ट्विटरवरून दिली आणि त्याच दिवशी बडोद्यात सभा घेतली. त्यांनी वाराणसी राखली, म्हणून इथे पोटनिवडणूक झाली आणि रंजनबेन आल्या. २०२४ मध्ये त्यांनी माघार घेतली त्याच दिवशी आणखी एका उमेदवाराने माघार घेतली, तीही साबरकांठातून. १९९१ मधल्या त्याच दोन जागा! फरक एवढाच, की तेव्हा लोकांचा कौल मतपेटीतून आला. आता मतदानाला दीड महिना असतानाच पक्षाला उमेदवार बदलावा लागला.

उमेदवार बदलणं सोपं. काही निर्णय मात्र पिकायला वेळ घेतात. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्याला लागू केलं. मूल शाळेत आलं नाही तर पालकांना दंड होता. १९०४ चा बालविवाह प्रतिबंधाचा कायदाही घराघरातल्या रूढीला छेद देणारा. त्यांना मतं मागायची नव्हती हे खरं, आणि ती व्यवस्था परत यावी असं कोणी म्हणणार नाही. पण पहिल्या आठवड्यातल्या नाराजीवर कौल घेतला असता तर यातलं काय टिकलं असतं, असा प्रश्न मला पडतो.

लोकांच्या नाराजीची उलट बाजूही याच शहरात दिसली. विश्वामित्री नदीची हद्द आखा, अतिक्रमणं काढा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०२१ मध्येच दिला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी घरांत शिरली. गळ्याएवढ्या पाण्यात उभी माणसं, अंगणात आलेल्या मगरी, पाहणीला आलेल्या नेत्यांना तोंडावर जाब विचारणाऱ्या बायका, हे सगळं फोनवरून देशभर गेलं. नदी खोल आणि रुंद करायची यंत्रं पुढच्या पावसाळ्याआधी, २०२५ मध्ये, पात्रात उतरली.